सीपॅपची सवय लावताना: आधी नाक, मग मास्क, मशीन शेवटी

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकाराचं, निदान होतं, डॉक्टर सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन, लिहून देतात, ते घरी येतं आणि आठवडाभरात त्याची रवानगी कपाटावर होते. कारण विचारलं तर एकच उत्तर: "मला ते सहन होत नाही." जरा खोदून विचारलं की त्या एका वाक्यातून वेगवेगळ्या तक्रारी निघतात. कुणाचं नाक चोंदतं, कुणाच्या डोळ्यांत वारा जातो, कुणाचं पोट फुगतं, कुणाला मास्क नुसता तोंडावर धरला तरी गुदमरतं. प्रत्येकाचं कारण निराळं आणि उपायही निराळा. मी स्वतः हे मशीन वापरतो आणि नव्याने सुरू करणाऱ्यांचे प्रश्न सतत कानावर येतात. त्यावरून एक क्रम ठरला आहे: तक्रार आली की आधी नाक बघायचं, मग मास्क, आणि मशीनच्या सेटिंगकडे शेवटी वळायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

मशीन काय करतं, हे थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की तो एक ॲप्निया. तासाला असे पूर्ण किंवा अर्धवट किती अडथळे येतात, तो आकडा म्हणजे एएचआय: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की नाकावाटे हलक्या दाबाने सतत हवा सोडली तर ही वाट उघडी राहते. आजही तत्त्व तेच आहे. मशीन ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा गाळून दाबाने आत सोडतं. 'ऑक्सिजन लावून झोपतो' हे नातेवाइकांमधलं वाक्य म्हणून चुकीचं आहे, आणि मशीन वापरणाऱ्याला उगाच आजारी ठरवणारंही.

विकत घेण्याआधी

शक्य असेल तर पहिला महिना मशीन भाड्याने घ्या. मोठ्या शहरांतले विक्रेते देतात. या महिन्यात मशीनपेक्षा मास्क पारखायचा आहे, म्हणून पहिला मास्क बसला नाही तर बदलून मिळेल का, हे आधीच ठरवून घ्या. मशीनसोबत ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, हवीच. पैसे वाचवायला ती टाळण्यात शहाणपण नाही.

दुसऱ्याचं वापरलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, प्रेशर, म्हणजे हवेचा दाब, तुमच्या स्लीप स्टडीप्रमाणे (झोपेतल्या श्वासाच्या चाचणीप्रमाणे) नव्याने लावावं लागेल. काकांचं प्रेशर पुतण्याला चालत नाही. दोन, फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली लाखो मशीन्स परत मागवली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वाफा हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता. मशीन त्या काळातलं असेल तर सिरीयल नंबर कंपनीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नका.

आरोग्य विम्यात मशीनची किंमत सहसा मिळत नाही. सीजीएचएसवाल्यांनी (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) मात्र खरेदीच्या आधी परवानगीचा अर्ज करावा.

पहिला आठवडा: दिवसाउजेडी सराव

पहिल्याच रात्री मास्क चढवून दिवा मालवायचा आणि आठ तासांची अपेक्षा ठेवायची, हा हमखास फसणारा बेत आहे. सराव दिवसा करायचा. आधी मास्क नुसता हातात धरून चेहऱ्याला लावायचा, पट्टे न बांधता, नळी न जोडता. मग पट्टे बांधून टीव्हीसमोर बसायचं. त्यानंतर नळी जोडून, मशीन सुरू करून, बसल्या बसल्या वर्तमानपत्र वाचायचं. शेवटी दुपारची वामकुक्षी मास्क लावून. एक पायरी कंटाळा येईल इतकी सोपी झाली की पुढची. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे.

ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी हा सराव अजिबात गाळू नये. मास्क एका झटक्यात काढता येतो हे हाताला पाठ झालं की भीती निम्मी होते. म्हणून डोळे मिटून काढून बघा. अशांना नाकपुड्यांत बसणारा छोटा 'नेझल पिलो' मास्क जास्त मानवतो, कारण डोळ्यांसमोर काहीच येत नाही.

गुदमरण्याचं आणखी एक कारण असतं, आणि तिथे मात्र दोष सेटिंगचा. मशीनमध्ये 'रॅम्प' नावाची सोय असते: दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू वाढतो. बरीच मशीन्स ४ पासून सुरू होतात (हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, कमाल २० असतो). धिप्पाड माणसाला ४ च्या दाबावर हवा पुरत नाही, जीव घुसमटतो, आणि तो समजतो की मशीन जास्त दाब देतंय. डॉक्टरांना सांगून सुरुवातीचा दाब ६ वगैरे केला की पहिल्या मिनिटातच फरक कळतो. श्वास सोडताना हवा उलट अंगावर येते असं वाटत असेल, तर उच्छ्वासाच्या वेळी दाब कमी करणारी सोयही असते. रेसमेड कंपनीच्या मशीनवर तिला ईपीआर म्हणतात. ती चालू करून घ्या.

मास्क बसवणं

तीन प्रकार: नाकपुड्यांत टेकणारा, नाक झाकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल-फेस. भारतात विक्रेते सरसकट फुल-फेस देतात, कारण तोंड उघडं राहिलं तरी चालतं आणि परत तक्रार येत नाही. पण तो चेहऱ्यावर जास्त जागा घेतो, म्हणून गळायलाही जास्त जागा मिळते. नाक मोकळं असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करावी, असं माझं मत आहे.

मास्क आरशासमोर उभं राहून घट्ट करायचा नसतो. आडवं व्हा, मशीन सुरू करा, दाब चढू द्या, आणि मग पट्टे जुळवा. आडवं झाल्यावर गालांचा आकार बदलतो. मास्कची सिलिकॉनची कड दुहेरी असते आणि तिचा पातळ पापुद्रा हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो. पट्टे करकचून आवळले की तो पापुद्रा दबतो आणि गळती थांबण्याऐवजी वाढते. म्हणून गळती दिसली की आधी पट्टे सैल करून, मास्क चेहऱ्यापासून किंचित ओढून पुन्हा टेकवा. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठत असतील तर पट्टे नक्कीच जास्त घट्ट आहेत.

आपल्याकडच्या काही बारकाव्यांचा उल्लेख कंपन्यांच्या माहितीपत्रकात सापडत नाही. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला. तेलाने कड सरकते आणि सिलिकॉन लवकर खराब होतं. कोल्ड क्रीम आणि व्हॅसलीनचंही तेच. अंबाडा मागच्या पट्ट्याला आडवा येतो, सैल वेणी बरी. नाकातली चमकी रात्री काढून ठेवा. भरघोस मिशीवर नाकाचा मास्क नीट टेकत नाही; मिशी ठेवायची असेल तर नेझल पिलो बघा. कवळी काढून झोपत असाल तर मास्कची मापं कवळी काढूनच घ्या, कारण गाल आत गेलेला चेहरा वेगळा असतो. दुकानात कवळी लावून घेतलेला मास्क घरी गळतो आणि कुणालाच कारण कळत नाही.

एक सूचना गंभीर आहे. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतात. तुमच्या छातीत पेसमेकर असेल, किंवा डोक्यात चुंबकाने बिघडू शकणारं शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) वा धातूची क्लिप असेल, तर असा मास्क वापरू नका. चुंबक इम्प्लांटपासून किमान १५ सेंटिमीटर लांब राहायला हवं. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर असेल तरीही हेच लागू आहे.

नाक

सर्वांत जास्त माणसं इथेच हरतात, म्हणून जरा थांबतो.

सकाळी उठल्यावर घसा कोरडा खडखडीत, जीभ टाळूला चिकटलेली, नाक बंद. लोकांना वाटतं हवा जास्त झाली. प्रत्यक्षात एक चक्र फिरत असतं. नाक चोंदलेलं असल्यामुळे तोंड उघडतं. नाकातून आत आलेली हवा उघड्या तोंडातून बाहेर पडते. म्हणजे नाकातून वारा एकाच दिशेने, आत, वाहत राहतो. एरवी बाहेर जाणारा श्वास नाकाच्या अस्तराला जो ओलावा परत देतो तो मिळत नाही. अस्तर कोरडं पडतं, सुजतं, नाक आणखी चोंदतं. रात्रभर हेच.

हे चक्र ओलाव्याने तुटतं. ह्युमिडिफायर एक-एक अंकाने वाढवत न्या, प्रत्येक बदलानंतर दोन-तीन रात्री थांबा. झोपण्यापूर्वी सलाइनचा स्प्रे. ॲलर्जी असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात. त्याचा परिणाम पूर्ण दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उपयोग नाही म्हणून सोडू नका. ऑट्रिविनसारखे नाक मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत. सवय लागते आणि थेंब उतरले की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं.

जलनेती येत असेल तर जरूर करा, पण नळाच्या पाण्याने नाही. उकळून गार केलेलं पाणी घ्या. आणि मास्क लावण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी आटपा, म्हणजे उरलेलं पाणी निथळून जाईल.

एवढं करूनही तोंड उघडंच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल-फेस मास्क. नाकाचं हाड वाकडं असेल, कोंब वाढले असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. इंटरनेटवर ओठांना चिकटपट्टी लावायचा सल्ला फिरतो. नाक चोंदलेल्या माणसाने तो ऐकू नये.

नळीत पाणी, पोटात हवा, डोळ्यांत वारा

मध्यरात्री नळीत गुळगुळ आवाज येतो आणि नाकावर गार पाण्याचे थेंब पडतात. टाकीतली उबदार ओली हवा थंड नळीत जाते आणि तिचं पाणी होतं. एसी आणि डोक्यावरचा पंखा दोन्ही याला जबाबदार. नळी पांघरुणातून घ्या किंवा तिला कापडी खोळ शिवा (जुन्या शालीची छान होते), एसीचं तापमान दोन अंशांनी वाढवा, मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे साचलेलं पाणी तोंडाकडे येणार नाही. गरम होणारी नळी मिळते, ती उत्तम. ऋतूप्रमाणे आकडा बदलावा लागतो: कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ह्युमिडिफायर अगदी कमी पुरतो, विदर्भात हिवाळ्यात बराच लागतो, आणि उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत हवा मुळातच दमट असल्याने पुन्हा कमी.

पोट फुगणं, सकाळी ढेकरांवर ढेकर, गॅस: झोपेत हवा अन्ननलिकेत जाते. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, डोक्याकडची बाजू थोडी उंच, शक्यतो डाव्या कुशीवर झोपणं, यांनी बऱ्याच जणांचं भागतं. ॲसिडिटी असेल तर तिचा इलाज करा. तरीही राहिलं तर दाब कमी करता येतो का, किंवा ऑटो (दाब आपोआप बदलणाऱ्या) मशीनची वरची मर्यादा उतरवता येते का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः उतरवू नका. मशीनचा गुप्त मेनू कसा उघडायचा हे यूट्यूबवर दिसतं, पण दाब कमी झाला आणि श्वास पुन्हा थांबायला लागला तर ते तुम्हाला झोपेत कळणार नाही.

डोळे चुरचुरणं म्हणजे मास्कची वरची कड गळते आहे. मास्क बघा, डोळ्यांचे थेंब नकोत.

आवाजाबद्दल घरच्यांची तक्रार असेल तर कान देऊन ऐका. आजची मशीन्स तीसेक डेसिबलच्या आतबाहेर चालतात, घोरण्यापुढे ते काहीच नाही. फुसफुस ऐकू येत असेल तर ती गळती. मास्कला पुढे बारीक छिद्रं असतात, तिथून हवा बाहेर येणं अपेक्षित आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच जातो. ती छिद्रं कधीही बुजवू नका.

पाणी आणि सफाई

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं. एखाद्या रात्री चालेल, रोज घातलं तर क्षार बसतात. बॅटरीत घालायचं पाणी श्वासासाठी वापरू नये. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका, टाकी उघडी वाळू द्या. टाकीत पाणी असताना मशीन उचलू नका किंवा तिरकं करू नका, पाणी मोटरीत जातं.

मास्कची कड रोज ओल्या फडक्याने पुसायची. आठवड्यातून एकदा मास्क, नळी, टाकी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायची आणि सावलीत वाळवायची. डेटॉल नको, ब्लीच नको. ओझोनने मशीन निर्जंतुक करणारी उपकरणं जाहिरातीत दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २०२० मध्येच त्यांच्याबद्दल सावध केलं आहे. साबण पुरतो.

फिल्टर साधारण महिन्याने बदलायचा, पण खरा निकष रंग. शेजारी बांधकाम चालू असेल तर तो पंधरा दिवसांतच करडा होतो. मशीनच्या आसपास डासांची अगरबत्ती किंवा धूप लावू नका, मशीन तीच हवा ओढणार. मच्छरदाणी उत्तम, नळी तिच्या खालून घेता येते.

लाइट गेली तर, आणि प्रवासात

झोपेत वीज गेली तर गुदमरून मरू का, हा प्रश्न प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो. नाही. फुल-फेस मास्कमध्ये हवा थांबली की बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. 'प्युअर साइन वेव्ह' इन्व्हर्टर घ्या आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे वीज बदलताना मशीन बंद पडणार नाही. सर्वांत जास्त वीज ह्युमिडिफायर आणि गरम नळी खातात; ती दोन्ही बंद केली तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

विमानात मशीन हातातल्या सामानात, टाकी रिकामी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकता येत नाही. १०० वॅट-तासांच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. रेल्वेच्या डब्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या पॉइंटवर विसंबू नका, काही गाड्यांत ते रात्री बंद ठेवतात. बॅटरी न्या.

आकडे वाचायला शिका

मशीनच्या पडद्यावर किंवा ॲपवर सकाळी तीन गोष्टी दिसतात: किती तास वापरलं, गळती किती, एएचआय किती. आधी गळती बघा. ती जास्त असेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. रेसमेडच्या मशीनवर ती मिनिटाला २४ लिटरच्या आत हवी. दुसऱ्या कंपन्या गळती वेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून दोन मित्रांनी आपापले आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही. एएचआय ५ च्या खाली हवा. एखादी रात्र ७ आली म्हणून घाबरू नका, आठवड्याचा कल बघा.

'रात्री चार तास पुरतात' असं बरेच जण सांगतात. हा आकडा अमेरिकेतल्या मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा: महिन्यातल्या ७० टक्के रात्री किमान चार तास वापर असेल तरच मशीनचे पैसे पुढे चालू. तो हिशेबाचा नियम आहे, प्रकृतीचा नव्हे. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्याच झोपेत स्नायू सर्वांत सैल पडून श्वास जास्त वेळा अडतो. तीन वाजता लघवीला उठून मास्क बाजूला ठेवणारा माणूस रात्रीचा सर्वांत धोक्याचा भाग उघड्यावर काढतो. उठताना मास्क काढूच नका. नळीचं जोड सोडा, जाऊन या, पुन्हा जोडा. बऱ्याच जणांचं रात्री उठणंही ॲप्नियामुळेच असतं आणि मशीन नीट चालू लागलं की कमी होतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत काहींच्या अहवालात 'सेंट्रल' ॲप्निया दिसतात, म्हणजे वाट उघडी असूनही श्वास घेतला गेलेला नसतो. ते बहुधा आपोआप ओसरतात. दोन-तीन महिन्यांनंतरही राहिले तर डॉक्टरांना अहवाल दाखवा. नाकातून वारंवार रक्त, कान दुखणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, तीव्र डोकेदुखी यांसाठी मात्र महिना थांबायचं नाही. ओकारी येत असेल त्या रात्री फुल-फेस मास्क लावू नका.

वजन बरंच उतरलं किंवा वाढलं तर प्रेशर पुन्हा तपासून घ्या. आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी मोतीबिंदूची जरी, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल आधी सांगा आणि दाखल होताना मशीन, मास्क आणि प्रेशरची चिठ्ठी पिशवीत घालून न्या.